पंख्याच्या कंडेन्सरवर वाजणारा जुन्या वळणाचा स्पीकर: क्रॉसओव्हरचे भाग स्वस्तात कुठून आणावेत

अमेरिकेत २०२२ साली विनाइल रेकॉर्ड्सची विक्री नगांच्या हिशेबात सीडीच्या पुढे गेली. १९८७ नंतर असं पहिल्यांदाच घडलं. रेकॉर्ड प्लेअरच्या मागोमाग जुन्या वळणाचे स्पीकरही परतले. जेबीएलने १९७० साली आणलेला 'एल-१०० सेंच्युरी', तोच तो समोर चौकोनी फोमची जाळी असलेला, २०१८ मध्ये 'एल-१०० क्लासिक' या नावाने पुन्हा बाजारात उतरवला. आपल्याकडे त्याची जोडी लाखांच्या घरात जाते. म्हणून अनेकजण वेगळा मार्ग धरतात. माळ्यावरची जुनी खोकी खाली उतरतात, नाहीतर प्लायवूड आणून सुताराकडून नवी करून घेतात. खालच्या स्वरांचा वूफर मिळतो, वरच्या स्वरांचा ट्वीटर मिळतो. गाडी अडते ती त्या दोघांत स्वरांची वाटणी करणाऱ्या क्रॉसओव्हरपाशी.

ऑनलाइन शोधायला गेलं की डेन्मार्क-जर्मनीच्या कंपन्यांचे चकचकीत कॅपॅसिटर दिसतात. त्यातल्या एकेकाची किंमत हजारांत, वर कुरिअर आणि कस्टम्स. दुसऱ्या टोकाला दीड-दोनशे रुपयांचे तयार बोर्ड. या दोन टोकांच्या मधली जागा बहुतेकांना दिसत नाही. ती जागा म्हणजे गल्लीतलं इलेक्ट्रिकचं दुकान आणि मोटर रिवाइंडिंगवाला. माझं मत असं, की जुन्या वळणाच्या क्रॉसओव्हरला लागणारे ऐंशी-नव्वद टक्के भाग या दोन ठिकाणी मिळतात आणि ते चांगले असतात. फक्त काय मागायचं आणि घरी आणल्यावर काय मोजायचं, हे ठाऊक हवं.

क्रॉसओव्हर करतो काय?

लग्नघरातला आचारी डोळ्यांसमोर आणा. भाताची जड पातेली उचलायला दोन तगडे गडी, पंगतीत लिंबू-मीठ वाढायला चपळ पोरं. कुणाच्या हाती काय द्यायचं, हे तो ठरवतो. पोराच्या हातात पातेलं दिलं तर पोर आडवं होणार, आणि गड्याला मीठ वाढायला लावलं तर पंगत खोळंबणार. स्पीकरच्या खोक्यात वूफर म्हणजे तो गडी आणि ट्वीटर म्हणजे ते पोर. तबल्याचा बायाँ वूफरकडे, टाळ-झांजेची किणकिण ट्वीटरकडे, अशी वाटणी करणाऱ्या सर्किटला क्रॉसओव्हर म्हणतात. पातेलं एका हातातून दुसऱ्या हातात जाताना क्षणभर दोघांनीही धरलेलं असतं. तशीच ही वाटणीही एका रेषेवर तुटत नाही. मधला थोडा पट्टा दोघेही वाजवतात.

या कामाला तीनच जातींचे भाग लागतात. कॅपॅसिटर खालचे स्वर अडवतो आणि वरचे सोडतो, म्हणून तो ट्वीटरच्या वाटेवर बसतो. कॉइल, म्हणजे तांब्याच्या तारेचं वेटोळं, याच्या बरोबर उलट वागतं. ते वूफरच्या वाटेवर. तिसरा रेझिस्टन्स. जास्त मोठ्याने वाजणाऱ्या ट्वीटरला तो जरा खाली आणतो. यापलीकडे खोक्यात काही नसतं. ट्रान्झिस्टर नाही, चिप नाही, वेगळी वीजही लागत नाही.

एक कॅपॅसिटर आणि एक कॉइल असेल तर वाटणी हळुवार होते. सीमा ओलांडल्यावर दर सप्तकामागे आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. प्रत्येक वाटेवर दोन-दोन भाग घातले की उतार १२ डेसिबलचा, म्हणजे जास्त कडक.

'जुन्या वळणाचा' म्हणजे नेमकं काय?

मूळ एल-१००चा क्रॉसओव्हर उघडून पाहिला की गंमत वाटते. स्पीकर तीन: १२ इंची वूफर, मधल्या स्वरांचा मिड आणि ट्वीटर. क्रॉसओव्हरमध्ये मात्र ८ मायक्रोफॅरडचा (हे कॅपॅसिटरचं माप) एक कॅपॅसिटर मिडसाठी, ३ मायक्रोफॅरडचा एक ट्वीटरसाठी, आणि आवाज कमी-जास्त करायला दोन गोल बटणं. वूफरच्या वाटेवर कॉइलसुद्धा नाही. त्या काळी डेन्मार्कमध्ये बनणारा डायनाको ए-२५ हा स्पीकर आणखी साधा. त्यात ट्वीटरसाठी एकच कॅपॅसिटर आहे, सोबत पातळी बदलायचा स्विच, आणि वूफर थेट अॅम्प्लिफायरला जोडलेला. अमेरिकेतल्या क्लिप्श कंपनीच्या जुन्या क्रॉसओव्हरमध्ये तेल भरलेले पत्र्याचे डबे दिसतात. तशा घडणीचे कॅपॅसिटर तेव्हा मोटरींनाही लागत असत.

सगळे जुने स्पीकर इतके साधे नव्हते. बीबीसीने सत्तरच्या दशकात बाहेरच्या ध्वनिमुद्रणाच्या गाड्यांसाठी बनवलेला 'एलएस३/५ए' हा अगदी दुसऱ्या टोकाचा. केईएफ कंपनीचे बी-११० आणि टी-२७ हे दोनच स्पीकर, पण क्रॉसओव्हर भागांनी गच्च भरलेला. ट्वीटरची पातळी जुळवायला त्यात टॅप काढलेला ऑटोट्रान्सफॉर्मर होता, म्हणजे एकाच वेटोळ्यातून मध्येमध्ये तारा बाहेर काढलेला ट्रान्सफॉर्मर. तो स्वस्तात बनवायचा विचार पहिल्या प्रयत्नात करू नका. त्याच्याकडे शेवटी येतो.

पहिल्या जातीतले स्पीकर बनवणाऱ्यांनी बाजारात इतर धंद्यांसाठी मुबलक बनणारे भाग उचलले. 'ऑडिओ ग्रेड' कॅपॅसिटरचा वेगळा बाजार पुढे उभा राहिला. आपणही आज आपल्या बाजारात मुबलक असणारे भाग उचलले तर त्या परंपरेला धरूनच चाललो, असं म्हणायला हरकत नाही.

आधी आकडा काढा

दुकानात 'ट्वीटरचा कॅपॅसिटर द्या' म्हटलंत तर समोरचा हाताला लागेल तो देईल. आकडा आपल्याकडे हवा. साध्या, हळुवार वाटणीसाठी हिशेब असा: १,५९,१५५ या संख्येला स्पीकरचे ओहम आणि वाटणीची वारंवारता यांच्या गुणाकाराने भागायचं, की कॅपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये मिळतो. ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो तो विरोध. तो स्पीकरच्या पाठीवर छापलेला असतो, बहुधा ४ किंवा ८. वाटणी ३,००० हर्ट्झवर आणि ट्वीटर ८ ओहमचा असेल, तर उत्तर येतं ६.६ मायक्रोफॅरड. कॉइलसाठी १५९ गुणिले ओहम भागिले वारंवारता. इथे ०.४२ मिलिहेन्री, जे कॉइलचं माप.

हा हिशेब ढोबळ आहे, कारण पाठीवर ८ ओहम लिहिलेला स्पीकर सगळ्या स्वरांना ८ ओहमचा नसतो. वूफरचा विरोध वरच्या स्वरांकडे वाढत जातो. तरीही सुरुवात इथूनच करायची आणि पुढे मोजून, ऐकून हलवत जायचं.

पंख्याचा कंडेन्सर

इलेक्ट्रिकच्या दुकानात कॅपॅसिटर हा शब्द वापरू नका, 'पंख्याचा कंडेन्सर' म्हणा. २.५ मायक्रोफॅरड सर्वांत जास्त खपतो. ३.१५ आणि ४ हेही सहज मिळतात. चांगल्या कंपनीचा नवा नग शंभर रुपयांच्या आत येतो. आता वरचा ६.६ आठवा. ४ आणि २.५ समांतर जोडले, म्हणजे दोघांची एकेक टोकं एकत्र आणि उरलेली दोन एकत्र जोडली, की बेरीज ६.५. अपेक्षित आकड्यापासून दोन टक्क्यांचा फरक. एल-१००चा ३ म्हणजे आपला ३.१५, आणि ८ म्हणजे चारचे दोन. छताच्या पंख्याने सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या स्पीकरची इतकी सोय करून ठेवली असेल, असं कुणाला वाटलं नसतं.

याहून मोठे आकडे हवे असतील तर वॉशिंग मशीन आणि पाण्याच्या पंपाचे 'रन' कंडेन्सर पाहा. तिथे १० पासून ५० मायक्रोफॅरडपर्यंतचे नग असतात. मागताना 'रन' हा शब्द विसरू नका. पंपाच्या पेटीत दुसरा एक काळा, जाडजूड 'स्टार्ट' कंडेन्सर असतो. तो वेगळ्या घडणीचा असतो आणि मोटर सुरू होताना काही क्षणांपुरताच कामाला येतो. तो आपल्या उपयोगाचा नाही.

पण त्यावर ५० हर्ट्झ लिहिलंय की!

ही शंका हमखास येते. कंडेन्सरवर '४४० व्होल्ट, ५० हर्ट्झ' छापलेलं असतं, मग ३,००० हर्ट्झला तो कसा चालेल? तो आकडा आपल्या घरातल्या विजेचा. त्या विजेवर वर्षानुवर्षं टिकेल, एवढंच कंपनी सांगते. आत पॉलिप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकची पातळ फिल्म आणि तिच्यावर धातूचा मुलामा असतो. स्पीकरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक चांगल्या कॅपॅसिटरमध्येही हेच प्लास्टिक आणि हीच घडण असते. ऐकू येणाऱ्या स्वरांच्या टप्प्यात या फिल्मची गळती फार थोडी.

व्होल्टेजची काळजी तर उलट्या बाजूने करायला हवी. १०० वॅटचा अॅम्प्लिफायर ८ ओहमवर पूर्ण जोर लावतो तेव्हा २८ व्होल्टच निघतात. ४४० व्होल्टचा कंडेन्सर तिथे आराम करत असतो. खोट एकच, आकार मोठा. खोक्यात जागा असतेच.

दुसरी शंका अधिक खरी आहे: महागडा कॅपॅसिटर खरंच चांगला वाजत नाही का? ज्यांना फरक ऐकू येतो त्यांच्याशी मी वाद घालत नाही. पण कॅपॅसिटर बदलताना बहुतेकदा आकडाही बदललेला असतो. जुना ६.८ लिहिलेला प्रत्यक्षात ६.१ भरत असतो, नवा बरोबर ६.८. वाटणीची जागाच सरकली, तर आवाज बदलणारच. दोन्ही मोजून सारखे केल्यावर फरक किती उरतो, ते ऐकावं आणि मग खिशात हात घालावा.

दोन पथ्यं मात्र पाळा. पंख्यातून काढलेला जुना कंडेन्सर वापरू नका. विजेच्या झटक्यांनी फिल्मला बारीक छिद्रं पडतात, तेवढा मुलामा जळून ती आपोआप बुजतात, आणि दर वेळी कंडेन्सरचा आकडा किंचित कमी होतो. काही वर्षांनी पंखा हळू फिरू लागतो तो बऱ्याचदा यामुळेच. आणि बिननावाचे नग टाळा. वर २.५ लिहिलेलं आणि आत त्याहून बरंच कमी भरलेलं, असे नमुने बाजारात असतात.

पाच टक्के इकडेतिकडे झालं तर?

चांगल्या कंडेन्सरवर अधिक-उणे ५ टक्के छापलेलं असतं. म्हणजे वाटणीची जागाही फार तर तेवढीच सरकते. हार्मोनियमवर एका पट्टीवरून लगेच शेजारच्या काळ्या-पांढऱ्या पट्टीवर गेलं की वारंवारता सुमारे ६ टक्क्यांनी बदलते. वाटणीचा पट्टा सप्तक-दीड सप्तक रुंद असताना अर्ध्या स्वराने काही बिघडत नाही.

बिघडतं ते डावा आणि उजवा स्पीकर वेगवेगळे झाले की. एकीकडे अधिक ५ आणि दुसरीकडे उणे ५ असं झालं तर गायिका मधोमध उभी राहत नाही, ताना घेताना इकडेतिकडे सरकते. म्हणून चार लागत असतील तर सहा-सात नग घ्या, कॅपॅसिटन्स मोजणाऱ्या मल्टिमीटरवर सगळे मोजा, वर मार्करने आकडा लिहा आणि जोड्या लावा. उरलेले पंख्याला होतील. असा मल्टिमीटर हजार रुपयांच्या आसपास येतो, आणि माझ्या मते या सगळ्या उद्योगात ही खरेदी सर्वांत आधी करावी.

कॉइल विकत घेण्यापेक्षा गुंडाळा

कॉइलच्या बाबतीत परदेशी माल मागवणं आणखी तोट्याचं, कारण तांब्याच्या वजनावर कुरिअर भरावं लागतं. आपल्याकडे इनॅमल चढवलेली तांब्याची तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे आणि वाइंडिंग वायरच्या दुकानांत वजनावर मिळते. तिचा भाव तांब्याच्या भावाबरोबर वरखाली होतो. मागताना गेज सांगायचा. १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर जाड, घरगुती स्पीकरला पुरेशी.

०.४२ मिलिहेन्रीचीच कॉइल करू. विजेच्या वायरिंगचा २५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या आणि त्यावर कागदी टेप गुंडाळून व्यास २७ मिलिमीटर करा. दोन्ही बाजूंना हार्डबोर्डच्या चकत्या, मधलं अंतर साडेतेरा मिलिमीटर. या जागेत थरावर थर देत १८ गेजचे ११० वेढे घट्ट बसवले की ०.४२च्या अगदी जवळ पोचतो. तार लागते सुमारे १४ मीटर, वजन दीडशे ग्रॅम. दोन स्पीकरना मिळून तीनशे ग्रॅम तांबं. विरोध भरतो ०.२ ओहम, जो ८ ओहमपुढे नगण्य.

हाताने गुंडाळलेले वेढे कधी इतके घट्ट बसत नाहीत, म्हणून ११५ घाला आणि मीटरला लावून एकेक उलगडत या. या कॉइलमध्ये एक वेढा कमी केला की आकडा जवळपास दोन टक्क्यांनी उतरतो, त्यामुळे हवं तिथे बरोबर थांबता येतं. साध्या मल्टिमीटरला कॉइल मोजता येत नाही. त्यासाठी एलसीआर मीटर किंवा छोट्या पडद्याचा कंपोनंट टेस्टर लागतो. झालं की तार चार ठिकाणी टायने आवळून वर वॉर्निश द्या, नाहीतर जोरात वाजवताना ती स्वतःच गुणगुणते.

आकडा मोठा झाला की हा उद्योग जड होतो, अगदी शब्दशः. २.५ मिलिहेन्रीची अशीच कॉइल करायला सव्वादोनशे वेढे आणि पाव किलोच्या वर, जवळपास साडेचारशे ग्रॅम तार लागते. विरोधही ०.६ ओहमपर्यंत जातो. जुन्या कंपन्या अशा वेळी मध्ये लोखंडी पट्ट्यांचा गाभा घालत. त्याने तार वाचते, पण मोठ्या आवाजाला लोखंड दमतं आणि स्वर बिघडतो, म्हणून गाभा पुरेसा मोठा हवा.

'दुकानात चोक मिळतो की, ट्यूबलाइटचा!' असंही सुचवलं जातं. नावापुरतं साम्य. ट्यूबलाइटच्या चोकचं माप हेन्रीच्या आसपास असतं, आपल्याला हवंय त्याच्या हजारो पट जास्त. शिवाय त्यातली बारीक तार कित्येक ओहमची असते. तो वूफरला लावलात तर वूफर गप्पच बसेल. जळलेल्या मोटरमधली तार सोडवून वापरायची कल्पनाही सोडून द्या. तापून तिचं इनॅमल गेलेलं असतं आणि वेढे आतल्या आत चिकटतात.

रेझिस्टन्स: इथे डोकं लावू नका

पांढऱ्या चौकोनी विटेसारखे ५ आणि १० वॅटचे वायरवाउंड रेझिस्टन्स मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेत, किंवा कोणत्याही जिल्ह्याच्या गावी टीव्ही दुरुस्तीचं सामान विकणाऱ्याकडे काही रुपयांत मिळतात. आतली तार वेटोळ्याची असते म्हणून तो थोडा कॉइलसारखा वागेल, ही भीती ऐकू येणाऱ्या स्वरांपुरती फोल आहे.

ट्वीटर ३ डेसिबलने खाली आणायचा असेल तर ओळीत २.२ ओहम आणि ट्वीटरला समांतर २० ओहमच्या आसपासचा एक, असे दोन लावा. ट्वीटर ८ ओहमचा असेल तर क्रॉसओव्हरला समोर पुन्हा जवळपास ८ ओहमच दिसतात आणि आधी काढलेला आकडा मोडत नाही. जुन्या स्पीकरवरची गोल बटणं दिसायला छान, पण आतली पट्टी गंजली की करकर सुरू होते. बटण शोभेला ठेवा, काम या दोन रेझिस्टन्सवर सोपवा.

तयार बोर्ड का नको?

स्वस्त बोर्डावर भाग असतात तसेच, मग अडचण काय? एक तर कॉइल बारीक तारेची आणि छोट्या फेराइटच्या कांडीवर गुंडाळलेली. जोर लावला की ती लगेच दमते. पण खरी अडचण वेगळीच. तो बोर्ड तुमच्या वूफर-ट्वीटरसाठी बनलेला नाही. तो कुठल्याच स्पीकरसाठी बनलेला नाही. कागदावरच्या ८ ओहमसाठी बनलाय.

हाच मुद्दा उलट्या दिशेनेही लागू पडतो, आणि हौशी लोक तिथे फसतात. एल-१००चे ३ आणि ८ मायक्रोफॅरड आपल्या खोक्यात घातले म्हणून आवाज एल-१००चा येणार नाही. त्या वूफरला कॉइल नसली तरी चालायची, कारण वरचे स्वर तो स्वतःच हळूहळू सोडून द्यायचा. आपण लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पीए जातीचा, म्हणजे सभा-समारंभांच्या लाउडस्पीकरसाठीचा, १२ इंची वूफर बऱ्याचदा दोन-तीन हजार हर्ट्झला ओरडतो. त्याला कॉइल न लावता सोडलं तर बाई गाताना नाकात बोलते. जुन्या आराखड्यातून वळण घ्यावं, आकडे आपल्या स्पीकरचे काढावेत. त्यासाठी 'रूम ईक्यू विझार्ड' हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. लॅपटॉप आणि मोजणीचा माइक असेल तर आपला स्पीकर कुठे ओरडतो आणि कुठे दबतो, ते आलेखावर दिसतं.

नवा कॅपॅसिटर घातला आणि आवाज बोचरा झाला!

माळ्यावरचा जुना स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांची ही नेहमीची तक्रार. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या मध्यम किमतीच्या स्पीकरमध्ये बायपोलर इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर असत. आत ओलसर रसायन, जे वर्षानुवर्षं सुकत जातं. अशा कॅपॅसिटरमध्ये मुळातच थोडा विरोध असतो, म्हणजे न दिसणारा एक रेझिस्टन्स ट्वीटरच्या ओळीत बसलेला असतो. मूळ आराखडा करणाऱ्याने तो धरूनच ट्वीटरची पातळी ठरवली असणार. आपण त्या जागी फिल्मचा कंडेन्सर घातला की तो लपलेला विरोध गायब होतो आणि ट्वीटर मोकाट सुटतो.

उपाय दहा रुपयांचा. कंडेन्सरच्या ओळीत अर्धा ते एक ओहमचा रेझिस्टन्स लावा आणि ऐका. पुष्कळदा स्पीकरचा जुना मऊपणा तेवढ्यावर परत येतो. मोठे आकडे, समजा ३३ किंवा ४७ मायक्रोफॅरड, हवे असतील आणि तिथे फिल्म परवडत नसेल तर नवा बायपोलर इलेक्ट्रोलिटिक घालण्यात कमीपणा नाही. तो न मिळाल्यास साधे दोन घ्या आणि त्यांची उणे टोकं एकमेकांना जोडा. आकडा निम्मा होतो: ६८चे दोन जोडले की ३४. मात्र साधा इलेक्ट्रोलिटिक एकटा कधी लावू नका. उलटसुलट वाहणारी वीज त्याला सोसत नाही.

भंगारातून काय घ्यावं, काय घेऊ नये

पुण्याचा जुना बाजार असो की मुंबईचा चोर बाजार, तिथे फुटक्या खोक्यांतून निघालेले क्रॉसओव्हर मिळतात. त्यातल्या कॉइल घ्या. तांबं म्हातारं होत नाही. वूफरकडच्या जाड तारेच्या कॉइल मोजून घेतल्या तर फार स्वस्त पडतात, आणि आकडा जास्त निघाला तर वेढे उलगडता येतात. जोडणीच्या पट्ट्या, मागचे टर्मिनल, जुन्या जाळ्याही उचला.

तेल भरलेले जुने पत्र्याचे कॅपॅसिटर मात्र तिथेच सोडा, कुणी कितीही 'विंटेज' म्हणो. जुन्या काळी त्यांत पीसीबी नावाची तेलकट रसायनं भरत, जी शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत. अमेरिकेने त्यांचं उत्पादन १९७९ मध्ये बंद केलं. डबा फुगलेला किंवा पाझरलेला असेल तर हातही लावू नका.

जोडणीतल्या दोन गोष्टी

दोन कॉइल शेजारी-शेजारी एकाच दिशेने बसवल्या तर एकीचं चुंबकत्व दुसरीत घुसतं आणि केलेली वाटणी पुन्हा मिसळते. एक आडवी आणि एक उभी ठेवा, मध्ये वीतभर अंतर. कॉइलच्या भोकातून लोखंडी स्क्रू घालू नका, पितळी स्क्रू किंवा प्लास्टिकचा टाय वापरा. लोखंड आत गेलं की मोजून आणलेला आकडा बदलतो.

१२ डेसिबलच्या वाटणीत ट्वीटर सहसा उलटा जोडतात, अधिकच्या जागी उणे. तसं न केल्यास वाटणीच्या जागी दोन्ही स्पीकर एकमेकांना खोडून काढतात आणि तिथे खड्डा पडतो. दोन्ही प्रकारे जोडून पाहा. ज्या जोडणीत आवाज मधोमध भरलेला वाटेल ती ठेवा.

जे स्वस्तात होत नाही

आता एलएस३/५ए. त्याच्या क्रॉसओव्हरला मोजकेच आकडे चालतात, कॉइलचा विरोधही हिशेबात धरलेला असतो, आणि तो टॅपवाला ऑटोट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाही. केईएफचे ते दोन स्पीकरही आता बनत नाहीत. नकला विकणाऱ्या कंपन्या आहेत, पण मग 'परवडणारं' हा शब्द सोडावा लागतो.

क्लिप्शच्या जुन्या आराखड्यांमध्येही मिडची पातळी उतरवायला ऑटोट्रान्सफॉर्मर असतो. हौसच असेल तर छोटे ट्रान्सफॉर्मर गुंडाळून देणारा कारागीर गाठा. त्याला आकडे लिहून द्या: किती वेढे, कुठल्या वेढ्यावर टॅप, कोणता गेज, गाभा केवढा. 'स्पीकरसाठी' एवढंच म्हणालात तर तो बॅटरी एलिमिनेटरचा ट्रान्सफॉर्मर समजून बनवेल. नमुन्याचा एकच आधी करून घ्या, आवाज लावून प्रत्येक टॅपवर किती व्होल्ट निघतात ते मोजा, आणि मगच दुसऱ्याची ऑर्डर द्या.